बिऱ्हाडातला ऱ

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची कुठलीही प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. नुसती बघायला, बंद करताना सेव्ह करायची नाही. आत साधा मजकूर दिसतो. वरच्या अंगाला सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) आणि टेम्पो, मग एकेका ट्रॅकचं नाव, त्याची पातळी, पॅन (डावी-उजवी जागा), प्लगिनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्ट-वाद्यांच्या, सेटिंगची न वाचता येणारी लांबलचक अक्षरं, आणि अधूनमधून 'फाइल' या शब्दापुढे अवतरणचिन्हांत एक ओळ: ही वेव्ह फाइल अमुक फोल्डरमध्ये आहे. बारा माइक लावून तासाभराची बैठक २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित केली, तर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. बारा ट्रॅकचे तासाला सव्वासहा जीबीच्या आसपास. प्रोजेक्ट फाइल मात्र त्या मानाने चिमूटभर. गाणं तिच्यात नसतंच. गाणं कुठे राहतं, त्याचा पत्ता तिच्यात असतो. जुन्या कंप्युटरवरून नव्यावर गाण्यांचं बिऱ्हाड हलवताना सांभाळायचा तो हा पत्ता.

पत्ता सांगायच्या पुण्यात दोन तऱ्हा आहेत. एक पोस्टाची: घर क्रमांक, पेठ, पिनकोड. दुसरी बोलण्यातली: पत्र्या मारुतीवरून पुढे आलात की डावीकडच्या बोळात दुसरा वाडा. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरंही या दोन्ही तऱ्हा वापरतात. वेव्ह फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये असेल तर रीपर 'शेजारच्या ऑडिओ फोल्डरात' एवढंच लिहून ठेवतो. बाहेर कुठे असेल, म्हणजे डेस्कटॉपवर पडलेला लेहरा, डाउनलोडमधला तानपुरा, पेनड्राइव्हवरून थेट ओढून टाकलेली बासरी, तर ड्राइव्हच्या अक्षरापासून अख्खा पत्ता लिहितो. बोळातला पत्ता बिऱ्हाडासोबत येतो, कारण मारुतीही सोबत हलवलेला असतो. पोस्टाचा पत्ता जुन्या घरीच राहतो. नव्या कंप्युटरवर 'डी' हे अक्षर भलत्याच डिस्कला मिळालेलं असतं, युजरचं नाव बदललेलं असतं, आणि सॉफ्टवेअर दारं ठोठावत 'फाइल सापडत नाही' म्हणत बसतं.

अशी बिऱ्हाडं सध्या बरीच हलताहेत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा. कोथरूड-सहकारनगरातल्या बेडरूम-स्टुडिओंमधली दहा वर्षांची, अजून उत्तम चालणारी यंत्रं त्या अटीत बसत नाहीत. शिवाय दुसरं यंत्र हवं असायला जुनं बंदच पडायला हवं असं थोडंच आहे! घरी मिक्सिंगला डेस्कटॉप आणि तालमीच्या जागी न्यायला लॅपटॉप, ही गरज तर नेहमीची.

पहिली गोष्ट अशी, की निम्म्याहून जास्त काम जुन्या यंत्रावर करायचं असतं. नवं खोक्यातच राहू द्या. लोक उलट करतात. नवं यंत्र आल्याच्या संध्याकाळीच सगळं सॉफ्टवेअर चढवतात, हार्ड डिस्क ओततात, जुनं भाच्याला फॉरमॅट करून देतात, आणि तीन आठवड्यांनी 'मागच्या वर्षीचं ते भजन जरा रिमिक्स करून द्या' असा फोन आला की डोक्याला हात लावतात.

जुन्यावर प्रत्येक जिवंत प्रोजेक्ट उघडायचा आणि त्याचं सगळं सामान एका छपराखाली आणायचं. रीपरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट ॲज' केल्यावर खाली दोन चौकटी असतात: प्रोजेक्टसाठी उपफोल्डर करा, आणि सगळं मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. दोन्हींवर खूण. एबलटन लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. एफएल स्टुडिओत एक्सपोर्टच्या यादीतलं 'झिप्ड लूप पॅकेज'. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन', आणि तिथे ऑडिओ फाइल्सवर खूण करायला विसरायचं नाही, नाहीतर नुसतं सेशन जातं. लॉजिकमध्ये 'कन्सॉलिडेट'; अर्थात लॉजिकवाल्याने दुसरं यंत्रही मॅकच घ्यायचं, कारण २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी विकत घेतल्यावर विंडोजची आवृत्ती बंद झाली ती झालीच.

क्युबेसमध्ये फाइल मेनूत 'बॅक अप प्रोजेक्ट' आहे. त्यात 'मिनिमाइझ ऑडिओ फाइल्स' अशी एक साळसूद चौकट आहे, तिच्यापासून लांब राहा. टाइमलाइनवर वापरला तेवढाच तुकडा ती ठेवते, बाकीचा कापते. पॉप गाण्यात चालून जाईल. ख्यालाच्या मुद्रणात आपण पहिली चार मिनिटं झाकून ठेवलेली असतात, तिथे गायिका सा लावत असते, तानपुरा जुळत असतो, आणि कधीकधी सगळ्यात चांगला आलाप त्या 'सुरू करायच्या आधीच्या' वेळातच झालेला असतो. तो या चौकटीत जातो.

ही सगळी बटणं मुख्यतः वेव्ह फाइल गोळा करतात. बाहेरून घेतलेल्या सॅम्पलरच्या, म्हणजे मुद्रित सुरांतून वाद्य वाजवणाऱ्या प्लगिनच्या, पोटातले आवाज गोळा करत नाहीत. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये उघडलेला संतूर, ड्रम प्लगिनमधले शेकडो ठोके, हे सामान वेगळ्या गोदामात असतं आणि ते वेगळं हलवावं लागतं. स्वतः केलेले प्रीसेट, की-बोर्ड शॉर्टकट, टेम्प्लेट यांचंही तसंच. विंडोजवर ही मंडळी बहुधा 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू केल्याशिवाय दिसतही नाहीत. रीपरमध्ये 'शो रिसोर्स पाथ' दाबलं की तो फोल्डर थेट समोर येतो, आणि प्रेफरन्सेसमधून सगळी कॉन्फिगरेशन एका फाइलमध्ये बाहेर काढता येते. क्युबेसवाल्यांनी 'ॲपडेटा'मधल्या 'रोमिंग'खाली स्टाइनबर्गचा फोल्डर शोधावा.

मग स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव्ह फाइल. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. पत्ता कितीही नीट लिहिला तरी उद्या ते घरच पडू शकतं: प्लगिन बनवणारी कंपनी बंद होते, आवृत्ती बदलते, परवाना हरवतो. म्हणून जुन्या यंत्रावर, जिथे सगळं आज वाजतंय तिथेच, प्रत्येक ट्रॅक वेव्हमध्ये उतरवून घ्यायचा. सगळे स्टेम शून्य सेकंदापासून सुरू, सगळे एकाच लांबीचे, मध्ये शांतता असली तरी असू दे. असे स्टेम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये डाव्या कडेला टेकवले की आपोआप जुळतात. विलंबित ख्यालाला क्लिक ट्रॅक नसतो, टेम्पोचा नकाशा नसतो. तिथे शून्याची रेघ हाच एकमेव आधार. फॉरमॅट ३२ बिट फ्लोट ठेवा, म्हणजे एखाद्या ट्रॅकची पातळी शून्य डेसिबलच्या वर गेलेली असली तरी तोडली जात नाही. ४८ किलोहर्ट्झला मोनोचे मिनिटाला ११.५२ एमबी होतात. पाच मिनिटांचं तीस ट्रॅकचं गाणं पावणेदोन जीबीत बसतं. दोन संच काढायचे, एक इफेक्टसह, एक कोरा. स्टेम काढताना मास्टरवरचे, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या शेवटच्या बेरजेवरचे, कॉम्प्रेसर-लिमिटर बंद ठेवायचे, नाहीतर प्रत्येक ट्रॅक एकटाच त्यांच्यातून जातो आणि सगळ्यांची बेरीज मूळ मिक्सइतकी होत नाही. मिडी ट्रॅक मिडी म्हणूनही काढा आणि आवाज म्हणूनही. मिडीत सूर नसतो, कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद असते.

फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाकून ठेवावी: सॅम्पल रेट, बिट, टेम्पो, सा कोणत्या पट्टीचा, कोणते प्लगिन आणि त्यांची आवृत्ती, कोणता टेक शेवटचा ठरला. हे सगळं 'लक्षात राहील' असं वाटतं. तसं वाटणं हा एक आजार आहे.

आता प्रत्यक्ष हलवणं. दोन्ही यंत्रं विंडोजची असतील तर डिस्क एनटीएफएस असू द्या. एक मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण लिहीत नाही. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि सलग चार-साडेचार तासांची स्टिरिओ मैफल त्यापुढे जाते. एक्सफॅटला मात्र नोंदवही नसते: लिहिताना मध्येच वायर निघाली किंवा वीज गेली तर काय लिहून झालं होतं ते त्याला सांगता येत नाही. पुण्यात महावितरणची देखभाल बहुधा गुरुवारी असते, तेव्हा चारशे जीबीची कॉपी बुधवारी रात्री लावून झोपणाऱ्याने सकाळचा विचार करावा. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप असेल तर त्याचं बटण 'यूपीएस'वर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात डेस्कटॉप पुन्हा सुरू होतो.

वायरीचंही एक आहे. यूएसबी २ वरून प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी जातात, म्हणजे चारशे जीबीला पावणेचार तास. आणि तपकीर गल्लीतून घाईत उचललेल्या टाइप-सी वायरींत काही निव्वळ चार्जिंगच्या निघतात. त्यांत डेटाच्या तारा नसतात. इंटरफेसचा, म्हणजे माइक कंप्युटरला जोडणाऱ्या खोक्याचा, दिवा लागतो, कंप्युटरला मात्र काही जोडल्याचं कळत नाही, आणि माणूस दोन तास ड्रायव्हर काढत-घालत बसतो. दुकानातच फोन जोडून फोटो दिसतात का ते बघून घ्यावं.

कॉपीच करायची, कट कधीच नाही. विंडोजची रोबोकॉपी ही कमांड या कामाला एक्सप्लोररपेक्षा भरवशाची, फक्त तिची एक खोड माहीत हवी: एखादी फाइल वाचता आली नाही तर ती मुळात दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते, आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. 'स्लॅश आर' आणि 'स्लॅश डब्ल्यू' हे दोन्ही १ केले की ती शहाण्यासारखी वागते. 'डॉक्युमेंट्स' फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलेला असेल तर आधी त्यावर उजवं क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा. नाहीतर काही फाइल नावापुरत्याच तिथे असतात, पोट ढगात. झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवायचे. मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर आलेल्या फोल्डरात टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या काही केबीच्या वेव्ह फाइल दिसतील. त्या आवाजाच्या नाहीत, मॅकच्या स्वतःच्या टिपणांच्या आहेत. त्या उघडत नाहीत म्हणून घाबरायचं नाही.

आणि आता तो ऱ.

समजा फाइलचं नाव आहे 'वारकऱ्यांचं भजन'. मराठीत टंकलेलं, मराठी माणसाने. या नावातला ऱ कंप्युटरच्या पोटात तीन प्रकारे बसू शकतो. एक, स्वतंत्र ऱ, युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक आहे. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, अशी दोन चिन्हं. तीन, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्हींतून तोच अर्धचंद्री ऱ्य उमटतो. डोळ्याला फरक शून्य. मॅकच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे एचएफएस प्लसने फॉरमॅट केलेली डिस्क अक्षरं फोडून साठवते: तुम्ही पहिल्या प्रकारचा ऱ दिलात तरी ती दुसऱ्या प्रकारचा ठेवते. मॅकवर असेतो काही बिघडत नाही, कारण मॅक दोन्हींना एकच मानतो. तीच फाइल विंडोजवर आली की विंडोज बाइट मोजतं. प्रोजेक्टच्या ओळीत एकसंध ऱ, डिस्कवर फोडलेला ऱ. सॉफ्टवेअर म्हणतं, वारकऱ्यांचं भजन सापडत नाही. आणि तुमच्या समोर, त्याच फोल्डरात, वारकऱ्यांचं भजन.

एरवी हसू येईल, पण रात्री अकराला येत नाही. 'ॲ'चंही असंच आहे. काही कळफलक त्याचं एकच अक्षर देतात, काही अ वर चंद्र काढून. दिसायला जुळे, आत परके. जुन्या झिप फाइलमधून देवनागरी नावं बाहेर येतात ती प्रश्नचिन्हांची रांग होऊन. भर म्हणून विंडोजच्या पुष्कळ प्रोग्रॅमांना अख्खा पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो, आणि 'गणेशोत्सव ढोलताशा अंतिम नवीन खरंच अंतिम' अशा फोल्डरात फोल्डर घातले की ती वेस लवकर येते.

मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण फाइल आणि फोल्डरचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढ्यातच ठेवावं. विंडोजच्या युजरचं नावही तसंच. काही जुन्या प्लगिनना पत्त्यात देवनागरी दिसली की ते उघडतच नाहीत. ट्रॅकची नावं, टिपा, ती टेक्स्ट फाइल यांत मराठी मनसोक्त लिहा. दारावरची पाटी रोमन, घरात बोलणं मराठी. पुण्याला पाट्यांबद्दल अशी सूचना देणं धाडसाचं आहे, याची कल्पना आहे.

जुनं अडकलेलं सोडवायचं तर उपाय साधा: सापडत नसलेल्या फाइलचं नाव डिस्कवर बदलून रोमन करायचं, आणि सॉफ्टवेअरच्या 'फाइल शोधा' खिडकीतून हाताने तिच्याकडे बोट दाखवायचं. तिथे 'आपोआप शोध' हे बटण असतं, ते दाबताना सावध. बहुतेकांच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये 'ऑडिओ ०१' नावाची फाइल असते. सॉफ्टवेअरला अख्खी डिस्क धुंडाळायला लावलं तर ते पहिली भेटलेली 'ऑडिओ ०१' उचलून आणतं आणि काम झालं म्हणतं. यमनच्या प्रोजेक्टमध्ये भैरवीचा तानपुरा वाजायला लागतो. शोधाची हद्द त्या एका प्रोजेक्टच्या फोल्डरपुरतीच ठेवा, आणि सापडलेल्या फाइलची लांबी क्लिपच्या लांबीशी ताडून बघा.

परवान्यांचा जाच प्रत्येक कंपनीचा वेगळा. एबलटन दोन यंत्रांवर चालू देतं. क्युबेस १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, स्टाइनबर्गचा परवाना खात्यावर असतो आणि तीन यंत्रांवर चालतो. त्याआधीच्या बहुतेक आवृत्त्यांना यूएसबीचं डोंगल लागायचं. अनेक प्लगिन कंपन्या वापरतात त्या आयलॉकचा परवाना यंत्रावर असेल तर जुन्या यंत्रावर आयलॉक मॅनेजर उघडून आधी तो सोडवायचा, मग नव्यावर लावायचा. वेव्ह्ज या प्लगिन कंपनीचा परवाना वेव्ह्ज सेंट्रलमधून क्लाउडवर किंवा साध्या पेनड्राइव्हवर ठेवता येतो. तो पेनड्राइव्ह मग कोणाला लग्नाचे फोटो द्यायला वापरू नये. जुनी डिस्क फॉरमॅट झाल्यावर परवाना सोडवायची सोय बऱ्याचदा उरत नाही, विक्रेत्याला मेल लिहून विनवण्या कराव्या लागतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी स्टेम, मग कॉपी, मग नव्यावर उभारणी, मग तपासणी, आणि परवाना फक्त जिथे एकाच यंत्राची मुभा आहे तिथेच आणि शेवटी सोडवायचा. तोवर जुन्या यंत्रावर पुणेरी पाटी लावून ठेवावी: हे यंत्र विकायचे नाही, फॉरमॅट करायचे नाही, कारण विचारू नये.

नव्यावर आधी विंडोजचे सगळे अपडेट पुरे होऊ द्या, मग इंटरफेसचा ड्रायव्हर त्या कंपनीच्या साइटवरून, मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, मग प्लगिन, मग सॅम्पल लायब्ररी. सॉफ्टवेअरची आवृत्ती सुरुवातीला जुन्याइतकीच ठेवली तर दोष शोधणं सोपं जातं. नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत उघडेलच असं नाही, एबलटनमध्ये तर उघडतच नाही. म्हणून पहिलं सेव्ह नेहमी नव्या नावाने. कॉन्टॅक्ट बनवणाऱ्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या लायब्रऱ्या पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही: फोल्डर कॉपी करा, नेटिव्ह ॲक्सेसमध्ये 'लोकेट' दाबून जागा दाखवा. कॉन्टॅक्ट तरीही सॅम्पल मागत राहिला तर त्यातलं 'बॅच री-सेव्ह' सगळ्या वाद्यांतले पत्ते एकदम बदलून देतं, पण ते मूळ फाइलीत लिहितं, तेव्हा आधी प्रत काढून ठेवा. लायब्ररी जुन्यासारख्याच अक्षराच्या ड्राइव्हवर बसवली तर हे काही करावंच लागत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर बदलायला अर्धं मिनिट लागतं. मॅकवर तेच काम डिस्कचं नाव करतं. नव्या डिस्कला जुन्या डिस्कचं नाव द्या.

प्लगिनमध्ये घोळ होतो तो बहुतेक फॉरमॅटचा. व्हीएसटी३ या प्लगिनच्या नव्या फॉरमॅटला विंडोजवर ठरलेला एकच फोल्डर आहे, 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'कॉमन फाइल्स'मध्ये. जुन्या व्हीएसटी२ ला तसा नाही, ज्याने-त्याने हवा तिथे टाकलेला असतो. प्रोजेक्ट व्हीएसटी२ ने बनला असेल आणि नव्या यंत्रावर त्याच प्लगिनची फक्त व्हीएसटी३ आवृत्ती चढवली असेल, तर सॉफ्टवेअरला तो बऱ्याचदा परका वाटतो आणि खाच रिकामी दिसते. इन्स्टॉल करताना दोन्हींवर खूण करा, मिळत असेल तर. स्टाइनबर्गने व्हीएसटी२ चे नवे परवाने देणं २०१८ मध्येच थांबवलं, त्यामुळे ही सोय कायमची नाही. ३२ बिटचे जुने फुकट प्लगिन तर क्युबेसने नवव्या आवृत्तीपासून सोडून दिले, मॅकने २०१९ च्या कॅटालिनात. रीपरमध्ये त्यांच्यासाठी अजून पूल आहे. रीपरची आणखी एक चांगली सवय म्हणजे प्लगिन गैरहजर असला तरी त्याची सेटिंग तो प्रोजेक्टमध्ये जपून ठेवतो. प्लगिन नंतर आला की जिथल्या तिथे.

सगळं उघडलं, वाजायला लागलं, आणि गायिका म्हणाली, सूर वेगळा वाटतोय. तिच्यावर विश्वास ठेवा. प्रोजेक्ट ४४.१ चा आणि इंटरफेस ४८ वर चालतोय, मध्ये कोणी रूपांतर केलं नाही, तर सगळं साधारण दीड श्रुती नव्हे, पेटीवर दीड पट्टी वर चढतं, नेमकं १.४७. काळी एकमध्ये लावलेला सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या जवळजवळ मधोमध लोंबकळतो. पेटीवर कुठलीच पट्टी त्याला जुळत नाही. ही खूण पक्की: सूर दोन पट्ट्यांच्या फटीत गेला असेल तर सॅम्पल रेट तपासा. आणि तासाची बैठक ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपते. लयही चढते, म्हणून कोणाला पटकन कळत नाही. उलट 'आज छान रंगलंय' असं वाटू शकतं.

लेटन्सीचा, म्हणजे आवाज कंप्युटरमधून फिरून येताना होणाऱ्या उशिराचा, हिशोब तबल्याने समजतो. बफर, म्हणजे कंप्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा घास, १२८ सॅम्पलचा, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे एका बाजूने २.७ मिलिसेकंद. १०२४ ला २१. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. २१ मिलिसेकंद म्हणजे तबलजी सात मीटर मागे सरकून बसला. मिक्सिंगला १०२४ चालेल, मुद्रणाला १२८ किंवा खाली. नव्या ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी खरी आहे का हे बघायला इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटमध्ये घाला, क्लिक वाजवून पुन्हा मुद्रित करा, आणि दोन क्लिकमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. जेवढं भरेल तेवढं सॉफ्टवेअरच्या 'रेकॉर्डिंग ऑफसेट'मध्ये लिहा. लॅपटॉपवर चरचर येत असेल तर आधी पॉवर प्लॅन आणि वायफाय, मग बाकीचे संशयित. घुमणारा ५० हर्ट्झचा गुंजारव असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला, तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. पेठांतल्या जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. वायरमनला बोलवा. प्लगची अर्थिंगची पिन कापून गुंजारव घालवणारे लोक आहेत. तसं करू नका, समोर माइक धरून उभ्या असलेल्या माणसाला शॉक बसू शकतो.

शेवटची परीक्षा कानांनी घेऊ नये. कान दयाळू असतात. जुन्या यंत्रावर काढून ठेवलेला मिक्स आणि नव्यावर काढलेला मिक्स एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दोन ट्रॅकवर, दोन्ही शून्यापासून, एकाच पातळीवर लावा. एकाचा फेज उलटा करा. दोघे सॅम्पल-सॅम्पल सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर हलत नाही. तबला ऐकू आला तर त्या ट्रॅकवरचा प्लगिन वेगळ्या आवृत्तीचा आहे. सगळंच पातळ, नाकातून आल्यासारखं वाजलं तर काही सॅम्पलचा सरक आहे. एखाद्या ओळीपुरताच आवाज उमटला तर तिथलं ऑटोमेशन, म्हणजे पातळीचे नोंदवून ठेवलेले चढउतार, आलेलं नाही.

अगदी नीट हललेल्या बिऱ्हाडातही बऱ्याचदा थोडं काही उरतं. पुष्कळ रिव्हर्ब आणि कोरस दर वेळी आतून थोडे यादृच्छिक हलत असतात, ते स्वतःलाही दोनदा सारखे सापडत नाहीत. त्यामुळे बाई गेलेल्या, तानपुरा गेलेला, पेटी-तबला गेलेले, आणि हेडफोनमध्ये फक्त त्यांच्या नसण्याच्या मागे लांबवर पसरलेली खोली ऐकू येते. एवढंच ऐकू येत असेल तर जुन्या यंत्रावरची पाटी काढायला हरकत नाही.